नागपूर गेले, आम्ही राहिलो

31 जानेवारी 2020 रोजी ब्रिटन युरोपीय संघातून बाहेर पडले. त्यानंतरच्या आठवड्यात आमच्या मंडळाची बैठक होती. कार्यक्रम संपल्यावर चहाच्या वेळी विषय निघाला आणि एका तरुण सभासदाने विचारले, की इतक्या दूरच्या या घटनेची आपण एवढी चर्चा का करावी? कोपऱ्यात बसलेले आमचे एक ऐंशी ओलांडलेले ज्येष्ठ सभासद शांतपणे म्हणाले, "अरे, आपल्याकडे हे छप्पन साली होऊन गेलं." सगळे हसले. आम्हीही हसलो. परंतु घरी आल्यावर ते वाक्य मनातून जाईना. कपाटातून आजोबांच्या जुन्या चोपड्या काढल्या आणि हा लेख तेथून सुरू झाला.

प्रारंभीच एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. पांढुर्णा आणि सौसर या दोन तहसिली म्हणजे काही देश नव्हेत. 1956 साली भारताचे तुकडे झाले नाहीत, राज्यांच्या सीमा बदलल्या. आपल्या राज्यघटनेच्या 301 व्या अनुच्छेदाने देशभरातील व्यापार मुक्त ठेवला आहे. मात्र त्याच प्रकरणात पुढे 304 वा अनुच्छेद आहे आणि तो राज्यांना लोकहितासाठी वाजवी निर्बंध घालण्याची मुभा देतो. आमची सारी नोकरी या दोन अनुच्छेदांच्या मधल्या जागेत गेली, असे म्हटले तरी चालेल. तेव्हा ब्रिटनची आणि आपली तुलना तंतोतंत नाही. पण व्यापाराची वाट एकीकडे जाते आणि सत्तेची दुसरीकडे, तेव्हा मधल्या गावांचे काय होते, हा प्रश्न दोन्हीकडे एकच आहे.

छिंदवाडा जिल्ह्याचे जुन्या काळापासून दोन भाग मानले जात, घाटावरचा आणि घाटाखालचा. घाटावर सातपुड्याचे पठार, गोंडी आणि हिंदी बोली, कोदो-कुटकी आणि गहू. घाटाखाली सौसर, पांढुर्णा, लोधीखेडा, रामाकोना, मोहगाव हा काळ्या मातीचा पट्टा, कापूस आणि ज्वारी, आणि घराघरांत मराठी. आपल्यापैकी बहुतेकांचे पूर्वज भोसल्यांच्या अमलात किंवा त्यानंतरच्या दोन-तीन पिढ्यांत येथे आले. कोणी जमिनीसाठी आले, कोणी पाटीलकीसाठी, कोणी दुकानदारीसाठी. आले ते दक्षिणेकडून आणि त्यांचे व्यवहारही दक्षिणेकडेच राहिले. पाणीसुद्धा तिकडेच वाहते. जाम नदी आणि कन्हान या दोघीही घाट उतरून नागपूरच्या दिशेने जातात.

इंग्रजी अमदानीत ही दिशा अधिकच पक्की झाली. 1861 साली मध्य प्रांत स्थापन झाला, नागपूर त्याची राजधानी झाले. 1877 मध्ये नागपुरात टाटांची एम्प्रेस मिल सुरू झाली आणि आसपासच्या कापसाला दाराशी गिऱ्हाईक मिळाले. पुढे सौसरवरून नागपूर-छिंदवाडा छोटी गाडी आली आणि पांढुर्ण्यावरून नागपूर-इटारसीची मोठी गाडी. पांढुर्ण्याहून नागपूर शंभर किलोमीटरच्या आत आहे, भोपाळ त्याच्या अडीचपटीहून दूर. या दोन आकड्यांत आमचा पुढचा इतिहास सामावलेला आहे.

1 नोव्हेंबर 1956 रोजी जे घडले त्यातली एक गंमत सहसा लक्षात घेतली जात नाही. आपण मध्य प्रदेशात "गेलो" असे बोलण्याची आपल्याला सवय आहे. वस्तुतः आपण कोठेही गेलो नाही. 1950 पासून आपल्या राज्याचे नाव मध्य प्रदेश हेच होते आणि त्याची राजधानी नागपूर होती. त्या दिवशी बाहेर पडले ते नागपूर. विदर्भाचे आठ जिल्हे द्विभाषिक मुंबई राज्यात गेले, उरलेल्या महाकोशलाला मध्य भारत, विंध्य प्रदेश आणि भोपाळ जोडले गेले, आणि या नव्या राज्याला जुनेच नाव राहिले. फाजल अली आयोगाने साधारणपणे जिल्हा हा घटक धरला होता. छिंदवाडा जिल्हा अखंड राहिला, त्याबरोबर घाटाखालच्या दोन मराठी तहसिलीही राहिल्या. आयोगाने विदर्भाचे वेगळे राज्य सुचवले होते, ते झाले असते तरी आमच्या बाबतीत फरक पडला नसता. सीमा केळवद-सावनेरच्या अलीकडेच पडली असती.

म्हणजे संघातून बाहेर पडले ते शेजारी, आणि किंमत चुकती करायची होती ती जागीच राहिलेल्यांनी. हे चित्र ब्रिटनचे नाही, आयर्लंडचे आहे. त्याकडे आम्ही पुढे येऊ.

पहिला बदल जाणवला तो कचेऱ्यांचा. आमचे आजोबा लोधीखेड्याच्या बाजूला शेती करून कापसाची थोडी खरेदी-विक्रीही करीत. त्यांच्या आठवणीप्रमाणे छप्पनपूर्वी पहाटेच्या छोट्या गाडीने नागपूरला निघायचे, इतवारीत अडत्याकडे हिशेब करायचा, वकिलाला भेटून उच्च न्यायालयातल्या अपिलाची तारीख विचारायची, सचिवालयात ओळखीच्या कारकुनाकडे अर्ज द्यायचा, आणि जमल्यास त्याच रात्री परत, नाहीतर दुसऱ्या सकाळी. नव्या राज्यात सर्व घटकांना संतुष्ट करण्यासाठी कार्यालयांची वाटणी झाली. राजधानी भोपाळला, उच्च न्यायालय जबलपूरला, महसूल मंडळ ग्वाल्हेरला, विक्रीकर आयुक्तांचे मुख्यालय इंदूरला. राज्य जोडण्याच्या दृष्टीने ते शहाणपणाचे असेल. आमच्या कोपऱ्यातून पाहता एका दिवसाच्या कामाचे चार प्रवास झाले. मोठा व्यापारी चार ठिकाणी माणसे ठेवू शकत होता. लहान माणसाने अपील करणेच सोडून दिले. आजोबांच्या एका दाव्याचे कागद आजही लाल फडक्यात बांधलेले आहेत. जबलपूरला ते कधी पोहोचलेच नाहीत.

बाजारावरचा परिणाम मात्र लगेच झाला नाही, आणि या लेखात आम्हांला मुख्यतः हेच सांगायचे आहे. आजोबांच्या 1956-57 च्या चोपडीत नोव्हेंबरच्या आधी आणि नंतर काहीच फरक दिसत नाही. तोच अडत्या, तीच मोडी अक्षरे, तेच दर. विक्रीकराचा कायदादेखील दोन्ही बाजूंना काही काळ एकच होता, मध्यप्रांत-वऱ्हाडचा 1947 चा. सीमा कागदावर पडली तरी दोन्हीकडचे कायदे जोवर सारखे होते, तोवर ती जमिनीवर उतरली नव्हती. ती उतरली हप्त्याहप्त्याने. 1957 च्या जुलैपासून केंद्रीय विक्रीकराची आकारणी सुरू झाली आणि पांढुर्ण्याहून नागपूरला केलेली विक्री ही "आंतरराज्यीय" विक्री ठरली. मग मध्य प्रदेशाने 1958 साली आपला सामान्य विक्रीकर कायदा केला, मुंबई राज्याने 1959 साली आपला. येथून पुढे प्रत्येक सरकार आपापल्या गरजेप्रमाणे दर ठरवू लागले, आणि दर वेगळे झाले की सीमेला दात येतात.

केंद्रीय कराचा सवलतीचा दर सुरुवातीला अवघा एक टक्का होता. तो वाढत वाढत 1975 मध्ये चार टक्के झाला. ही सवलत मिळवायची तर खरेदीदाराने "सी" फॉर्म द्यायचा आणि तो फक्त नोंदणीकृत व्यापाऱ्यालाच मिळायचा. सौसरच्या आठवडी बाजारातला भांडीवाला किंवा सायकलीच्या सुट्या भागांचा दुकानदार नोंदणीकृत नसे. त्याला इतवारीतून माल आणायचा तर पूर्ण कर भरून आणावा लागे. इकडे मध्य प्रदेशाने 1976 साली चुंगी रद्द केली आणि तिच्या जागी प्रवेशकर आणला. नागपुरात जकात होती ती 2013 पर्यंत चालली. (शब्दही वेगळे झाले, पाहा. तिकडे जकात, इकडे चुंगी. तिकडे सातबारा, इकडे खसरा. तिकडे बाजार समिती, इकडे मंडी, आणि मंडीतून माल हलवायचा तर "अनुज्ञा".) ज्याला हे कागद सांभाळता आले त्याचा व्यापार वाढला. ज्याला आले नाहीत त्याने बसच्या टपावर पोते टाकून माल आणायला सुरुवात केली, आणि कालपर्यंतचा दुकानदार आज करचुकवा ठरला.

हे आम्ही ऐकीव सांगत नाही. ऐंशीच्या दशकात आमची नेमणूक काही काळ एका तपासणी नाक्यावर होती. कोणत्या, ते येथे महत्त्वाचे नाही. एका संध्याकाळी बसमधून सायकलीच्या टायर-ट्यूबचे दोन गठ्ठे उतरवले गेले. पावती होती, फॉर्म नव्हता. मालक पुढे आले ते आमच्याच भागातले, साठीचे गृहस्थ. त्यांनी आम्हांला ओळखले, आम्हीही त्यांना ओळखले. नियमाप्रमाणे कर आणि दंड आकारला. पैसे मोजून देताना ते म्हणाले, "साहेब, तुमचे आजोबा ह्याच पेठेतून माल आणत. तेव्हा त्याला कोणी परराज्य म्हणत नव्हतं." रागाने म्हणाले असते तर बरे झाले असते. ते सहज म्हणाले. पावती फाडून त्यांच्या हाती दिली आणि पुढची बस आली. नियमात चूक नव्हती, आमच्या वागण्यातही नव्हती, असे आम्ही आजही मानतो. परंतु त्यानंतर त्यांच्या गल्लीतून जाताना आम्ही वाट बदलून जात असू, हेही लिहून ठेवले पाहिजे.

धान्याची गोष्ट याहून कडवी आहे. साठच्या दशकातील टंचाईत सरकारांनी धान्याचे झोन केले आणि राज्याबाहेर धान्य नेण्यावर बंधने आली. महाराष्ट्राने 1964-65 च्या हंगामापासून ज्वारीची एकाधिकार खरेदी सुरू केली. आमच्या घरांची सोयरीक काटोल, नरखेड, सावनेरकडे. लग्नाला ज्वारी पाठवणे, बाळंतिणीला गहू पाठवणे, हा व्यापार नव्हे, नाते आहे. घरी सांगितले जाई, की आत्याच्या लग्नाला पोत्याने धान्य नेता येईना म्हणून घरातल्या प्रत्येक माणसाने, लहान मुलांनीसुद्धा, आपापल्या गाठोड्यात थोडी थोडी ज्वारी बांधून नेली आणि मांडवात ती एकत्र ओतली. सांगताना आजी हसत असे. 1972 च्या दुष्काळात मात्र तिला हसू आले नाही. तिचा भाऊ सीमेपलीकडे खडी फोडण्याच्या कामावर जात होता आणि मध्ये नाका होता. गव्हाचे झोन सरकारने 1977 मध्ये उठवले. तोवर एका पिढीच्या मनात सीमा म्हणजे भाकरीच्या आड येणारी रेषा, हे पक्के झाले होते.

आणि तरीही सीमेने सर्वांचे नुकसानच केले, असे म्हणणे खोटे ठरेल. कापसाने हे दाखवून दिले. महाराष्ट्राने 1971 साली कायदा करून 1972 पासून कापूस एकाधिकार खरेदी योजना आणली. तिकडच्या शेतकऱ्याने कापूस फक्त पणन महासंघाच्या केंद्रावर द्यायचा, हमीभाव घ्यायचा आणि चुकाऱ्याची वाट पाहायची. अलीकडे, म्हणजे आपल्या तहसिलींत, कापसाचा बाजार खुला होता. मग काय झाले असेल, हे सांगायला अर्थशास्त्री नको. खुल्या बाजारात भाव चढला, की काटोल-वरूडकडचा कापूस रात्रीतून पांढुर्ण्याच्या बाजूला येई. हमीभाव वरचढ असला, की आपला कापूस सावनेरच्या केंद्रावर कोणातरी मामाच्या सातबाऱ्यावर चढे. भाव सारखे असले, तरी रोख पैशाची निकड असलेला तिकडचा शेतकरी अलीकडे येई, कारण येथे पैसा हातोहात मिळे आणि तिकडे हप्त्याने. पांढुर्ण्याच्या जिनांना त्या वर्षांत जे काम मिळाले, त्यात सीमेचा वाटा मोठा होता. दलाल, गाडीवान, काटेवाले, रात्री चहा विकणारे, असा सीमेवर जगणारा एक वर्गच तयार झाला.

यात नफा कोणाचा झाला? सरासरी काढली तर दोन्ही बाजूंचे शेतकरी काही वर्षे जिंकले, काही वर्षे हरले. नेहमी जिंकला तो मधला माणूस, ज्याच्याकडे दोन्हीकडचे भाव एकाच दिवशी कळण्याची सोय आणि दोन्हीकडे ओळख होती. आमच्या मते कोणत्याही नव्या सीमेचा हा पहिला आर्थिक परिणाम असतो. माल महाग होण्यापूर्वी माहिती महाग होते. 2002 च्या सुमारास एकाधिकार ढिला झाला आणि पुढे संपला, तेव्हा सीमेच्या या बाजूचा तो सुकाळही ओसरला. ज्यांनी केवळ दोन भावांतल्या फरकावर घरे बांधली होती, ती घरे आजही उभी आहेत, धंदा उरला नाही.

संत्र्याच्या बाबतीत सीमेला फारसे काही करता आले नाही. संत्रा नाशवंत, त्याला थांबवले तर तो सडतो, हे कायदा करणाऱ्यांनाही ठाऊक असावे. पांढुर्णा-सौसरच्या आंबिया आणि मृग बहाराचा माल नागपूरच्या नावानेच देशभर गेला, आजही जातो. बागा उद्ध्वस्त झाल्या त्या कोळशीने, पाण्याची पातळी खाली गेल्याने, आणि भावाच्या पडझडीने. प्रत्येक दुखणे छप्पन सालाच्या माथी मारण्याची आपल्या बैठकांतली सवय आम्हांला पटत नाही. अलीकडचे मोठे दुखणे तर तिसऱ्याच सीमेवरून आले. बांगलादेशाने 2019 पासून संत्र्यावरील आयात शुल्क टप्प्याटप्प्याने वाढवत नेले आणि विदर्भाच्या बागांबरोबर आपल्या बागांचेही भाव कोसळले. ढाक्यातल्या निर्णयाने मोहगावच्या बागेचा सौदा फिसकटतो, हे आमच्या आजोबांना खरे वाटले नसते.

सीमेचा आणखी एक लाभ नमूद केला पाहिजे. सौसरजवळ बोरगावची औद्योगिक वसाहत उभी राहिली, तेथे रेमंडसारखा कापडाचा मोठा कारखाना आला. नागपूरची बाजारपेठ आणि विमानतळ हाकेच्या अंतरावर, आणि सवलती मध्य प्रदेशाच्या मागास जिल्ह्याच्या. हा योग सीमेवाचून जुळला नसता. सीमा नसती तर तो कारखाना बुटीबोरीला गेला असता, असे आमचे एक स्नेही म्हणतात. सौसरच्या कित्येक घरांची चूल त्या पगारावर पेटली.

आता आयर्लंड. 1973 मध्ये ब्रिटन आणि आयर्लंड एकाच दिवशी युरोपीय बाजारात शिरले होते. 2016 च्या सार्वमतात ब्रिटनने सुमारे 52 टक्के मतांनी बाहेर पडायचे ठरवले, आयर्लंड आत राहिले. त्या बेटावर दोघांची सुमारे पाचशे किलोमीटरची सीमा आहे, तिच्यावरून दोनशेहून अधिक रस्ते जातात आणि 1998 च्या शांतता करारानंतर तेथले नाके उठले होते. ते पुन्हा उभारले जाऊ नयेत म्हणून तपासणी उत्तर आयर्लंड आणि ब्रिटनमधल्या समुद्रावर नेण्यात आली, आणि त्यावरून झालेला वाद 2023 च्या विंडसर करारापर्यंत चालला. आम्हांला यात रस वाटला तो एका बारकाव्यामुळे. आयर्लंडचा माल पूर्वी वेल्समधल्या होलीहेड बंदरातून ब्रिटन ओलांडून युरोपात जाई. 2021 च्या जानेवारीत कागदपत्रे सुरू होताच आयर्लंड ते फ्रान्स अशा थेट जहाजफेऱ्या वाढल्या आणि होलीहेडची वाहतूक घटली. वेल्सने स्वतः बाहेर पडण्याच्या बाजूने मत दिले होते.

आमच्याकडे असा दुसरा मार्ग नव्हता. समुद्र नव्हता, आणि भोपाळकडे जाणारी वाट घाट चढून जात होती. त्यामुळे व्यापाराने वाट बदलली नाही, माणसांनी बदलली. ज्यांना सरकारी नोकरी हवी होती त्यांची मुले हिंदी शिकून छिंदवाडा, जबलपूर, भोपाळकडे गेली. आम्ही त्यांतलेच. ज्यांना व्यापार हवा होता त्यांनी नागपुरात घरे केली. राहिले ते शेतीवाले. प्रत्येक जुन्या घराची अशी तीन तोंडे झाली, आणि तिसऱ्या तोंडाकडे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी गोटमारीला गावी यायचे तेवढे उरले. काही जातींची प्रमाणपत्रे सीमेच्या दोन्ही बाजूंना सारखी चालत नाहीत, त्यामुळे सुनेला नोकरीत अडचण येते, हा अनुभव आपल्यापैकी किती घरांत आहे, ते वाचकांनी स्वतःच मोजावे.

1 जुलै 2017 रोजी वस्तू व सेवा कर आला आणि विक्रीकराचे नाके एका रात्रीत निरुपयोगी झाले. आम्ही तेव्हा सेवेत होतो. साठ वर्षे जे हळूहळू उभे राहिले, ते उतरवायला एक मध्यरात्र पुरली. छोटी गाडी मात्र त्याआधीच, 2015 मध्ये, रुळांच्या रुंदीकरणासाठी थांबली होती. मोठी गाडी काही वर्षांनी आली. पहाटे निघून रात्री परतण्याची सोय पुन्हा झाली, पण तेवढ्या कामाचे माणूस आता गाडीने जात नाही. 2023 च्या ऑक्टोबरात पांढुर्णा जिल्हा झाला आणि सौसर त्यात आले. घाटाखालच्या या दोन तहसिलींना प्रथमच आपली कचेरी मिळाली, सदुसष्ट वर्षांनी.

गेल्या हिवाळ्यात आमचा पुतण्या रुईच्या गाठींचा ट्रक नागपूरला पाठवत होता. आजोबा जो माल ज्या पेठेत पाठवत, जवळपास तोच माल, तीच पेठ. सीमेवर ट्रकला कोणी हात केला नाही. त्याने मोबाईलवर काढलेले ई-वे बिल आम्ही सहज पाहायला मागितले. वर पाठवणाऱ्याच्या राज्याचा संकेतांक 23, खाली घेणाऱ्याचा 27. "काका, हे दोन आकडे टाकले नाहीत तर बिल पुढे सरकतच नाही," तो म्हणाला, आणि ट्रक गेला.